भांडस तो मॅग्नेट

आप्पांच्या हातात सुतळी आहे आणि सुतळीच्या टोकाला काळं कडं लोंबतंय. जुन्या स्पीकरमधून काढलेला चुंबक. लोखंडाचा कीस, दोन खिळे, एक वॉशर, सायकलच्या चेनची कडी असं सगळं त्याला दाढीसारखं चिकटलेलं आहे. समोर गोणी ओतलेली आहे. विहिरीत पडलेली बादली गळाने चाचपावी तसं आप्पा ते कडं ढिगाऱ्यावरून फिरवतात आणि ढिगाऱ्यातून आवाज येऊ लागतात. टक्. टक्. टक्.

जानेवारीतला शनिवार. शहाद्यात सकाळचे साडेनऊ वाजलेत. रस्त्यावरून उसाची ट्रॉली जाते, तिच्यामागे पपईचे क्रेट रचलेला टेम्पो. आप्पांचं भंगाराचं दुकान म्हणजे तीन बाजूंना पत्रा, डोक्यावर पत्रा आणि पुढे मोकळं अंगण. अंगणात वजनकाटा. उत्तरेकडे धुकं विरतंय, तशी सातपुड्याची रांग हळूहळू वर येतेय. एका शाळेच्या विज्ञानाच्या कपाटासाठी चुंबक गोळा करायला मी इथे आलोय. पुस्तकातला लाल-निळा चुंबक मुलांच्या हाती यावा, एवढंच काम आहे. पण गेला अर्धा तास मी नुसता आप्पांचा हात पाहतोय.

गोणी घेऊन आलेली बाई काट्याशेजारी उकिडवी बसली आहे. तिची नजर काट्यावर नाही, सुतळीवर आहे. कडं जे उचलेल ते लोखंड, त्याचा भाव कमी. कडं ज्याच्यावरून नुसतंच सरकेल ते पितळ, तांबं किंवा जर्मन (म्हणजे अ‍ॅल्युमिनियम), त्याचा भाव कितीतरी जास्त. इथे चुंबक आधी बोलतो, वजनकाटा नंतर.

ढिगातून दाराचं एक पिवळंधमक हँडल निघतं. बाई थोडी पुढे सरकते. आप्पा कडं जवळ नेतात. टक्.

"वरून मुलामा आहे, मावशी. आतून लोखंडच."

ती काही बोलत नाही. मग मातीने लडबडलेला, काळाठिक्कर पडलेला एक जड गोळा हाती लागतो, कुठल्यातरी पंपाचा जुना व्हॉल्व्ह. कडं त्याच्यावरून जातं. आवाज नाही. पुन्हा जातं. आवाज नाही. आप्पा कानस उचलून दोनदा घासतात आणि काळ्याखालून पिवळी रेघ चमकते. पितळ. बाई पदर तोंडाशी नेऊन हसते.

हा निवाडा मला मनापासून आवडतो. चकाकी, काजळी, रंग, गंज यांतलं काहीच चुंबकाच्या वाटेत येत नाही. हँडलवरचा पितळी मुलामा असो की माझा तळहात, लाकडाची फळी असो की बादलीभर पाणी, चुंबकाचं क्षेत्र या सगळ्यांतून आरपार जातं आणि पलीकडे लोखंड आहे का तेवढं विचारतं. नेहमीच्या तापमानाला त्याला जोरदार उत्तर देणाऱ्या शुद्ध धातूंमध्ये आपल्या ओळखीचे तीनच : लोखंड, निकेल आणि कोबाल्ट. बाकीचे धातू उत्तर देत नाहीत असं नाही, पण ते इतकं मंद असतं की सुतळीला कळत नाही.

दहाच्या सुमाराला मोटारसायकलवरून एक गृहस्थ येतात. त्यांच्या सदऱ्यावर लाल पूड बसली आहे. मिरचीच्या चक्कीवाले. चक्कीच्या तोंडाशी बसवलेला चुंबक निसटून फुटला, तसाच दुसरा हवाय. मिरचीबरोबर खिळा, तारेचा तुकडा किंवा गोणी शिवायची सुई आत गेली तर चक्कीची नासधूस होते, ठिणगी पडते आणि लोखंडाचा कीस लोकांच्या जेवणात जातो. म्हणून धान्य असो की मिरची, दळण्याआधी ते चुंबकासमोरून घसरत जावं लागतं. साखर कारखान्यांतही उसाच्या पट्ट्यावर मोठे चुंबक टांगतात. मोळीत विसरलेला कोयता किंवा साखळीचा तुकडा चरकात जाण्याआधी ते वरच्या वर उचलतात. त्यातला विद्युतचुंबक असेल तर वीज बंद केली की पकडलेलं सगळं खाली सोडून देतो. आप्पांच्या कड्याला ती सोय नाही. त्याची दाढी हातानेच उपटावी लागते.

आप्पा दोन कडी पुढे करतात. चक्कीवाले थोरलं निवडतात, पैसे देतात, कडं डिकीत टाकायला जातात आणि ते वाटेतच गाडीच्या सायलेन्सरच्या पत्र्याला खट्टकन चिकटतं. दोन्ही हातांनी ते सरकवत सरकवत काठापर्यंत आणतात आणि मगच सुटतं. सरळ ओढून सुटत नाही, सरकवून सुटतं. ही युक्ती इथे सगळ्यांच्या हातात आहे.

शनिवारची सकाळची शाळा सुटते आणि आप्पांचा नातू दप्तरासकट येऊन थडकतो. इयत्ता सहावी. मला 'सर' म्हणून नमस्कार करतो आणि खिशातून दोन चकचकीत लांबट गोळे काढतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेले. एका तळहातावर बोटभर अंतराने ठेवतो आणि वर उडवतो. हवेत किर्र्र्र असा किड्यासारखा लांब आवाज होतो. पुन्हा उडवतो. किर्र्र्र.

"कशाने वाजतं, सांग बरं," मी विचारतो.

"एकमेकांना आपटतात."

बरोबर. दोन्ही गोळे चुंबक आहेत. ते एकमेकांना ओढतात आणि वळवतातही. ओढीने आपटतात, गुळगुळीत गोल पाठीमुळे उसळतात, ओढीने पुन्हा आपटतात. डोळ्याला एकच झेप दिसते, पण तेवढ्यात इतके आघात होऊन जातात की ते वेगळे ऐकूच येत नाहीत. त्यांचा सूर होतो.

आता आप्पा एक फाटका स्पीकर पुढ्यात घेतात. पुठ्ठ्याचा शंकू टराटरा निघतो. त्याच्या टोकाला बारीक तांब्याची गुंडाळी. तांब्याच्या डब्यात ती जाते. उरतं ते दोन लोखंडी चकत्यांमध्ये डिंकाने बसवलेलं काळं कडं. आप्पा फटीत छिन्नी लावतात आणि हातोडी मारतात. एकदा. दोनदा. तिसऱ्या घावाला कड्याचे कपबशीसारखे दोन तुकडे होतात. कपबशीसारखेच, कारण हा चुंबक धातूचा नाहीच. लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे गंजाच्याच कुळातल्या भुकटीत, स्ट्राँशियम किंवा बेरियमची संयुगं मिसळून ती दाबतात आणि कुंभाराच्या भट्टीसारखी भाजतात. त्याला फेराइट म्हणतात. तो गंजत नाही, स्वस्त पडतो आणि पडला की फुटतो.

मुलगा दोन्ही तुकडे उचलतो. फुटलेली बशी जुळवावी तसे भेगेला भेग लावून जुळवायला जातो. तुकडे जुळत नाहीत. तो जोर लावतो. एक तुकडा त्याच्या बोटांतून सटकतो, गर्रकन उलटा होतो आणि दुसऱ्याच्या पाठीवर जाऊन बसतो. खट्ट!

"हाई काय शे, आप्पा?" त्याचा आवाज चढतो. "आत्ता तर एक होते!"

मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसतो. कडं अख्खं होतं तेव्हा त्याचा अख्खा वरचा चेहरा उत्तर ध्रुव होता आणि अख्खा खालचा चेहरा दक्षिण. म्हणजे भेगेच्या अलीकडे उत्तर, पलीकडेही उत्तर, शेजारी शेजारी. सजातीय ध्रुव एकमेकांना लोटतात, हे त्याला पाठ आहे. कड्याचे दोन्ही भाग जन्मल्यापासून एकमेकांना लोटतच होते. दगडासारख्या घट्ट बांधणीने त्यांना धरून ठेवलं होतं. घाव बसला, बांधणी तुटली आणि आतलं लोटणं उघड झालं. एक तुकडा उलटा केला की उत्तरेशेजारी दक्षिण येते आणि तेच दोघे सोडवता सुटत नाहीत. आणि एका तुकड्यात नुसता उत्तर, दुसऱ्यात नुसता दक्षिण असंही झालेलं नाही. प्रत्येक तुकडा दोन चेहऱ्यांचा पूर्ण चुंबक आहे. आणखी बारीक फोडले तरी तसंच राहील.

तो तुकडे उलटेसुलटे करत राहतो. लोटणारी बाजू समोरासमोर धरून हात हळूहळू जवळ नेतो. मधे काही नाही, तरी हात घसरतो, जणू दोन्ही तुकड्यांवर न दिसणारं लोणी थापलंय. हा अनुभव शब्दांनी देता येत नाही. तो हातालाच यावा लागतो आणि त्यासाठीच मी इथवर आलोय.

आप्पा त्याची परीक्षा घेतात. ढिगातून बिडाचा एक काळा तुकडा काढतात, तेवढाच जाड, तेवढाच खरबरीत. तो आणि कड्याचा अर्धा तुकडा पाठीमागे धरून अदलाबदल करतात आणि पुढे ठेवतात. दोन्ही एकमेकांना चिकटतात.

"यांतला मॅग्नेट कोण?"

मुलगा गोंधळतो. हा त्याला ओढतो की तो ह्याला? ओढीवरून कळायला मार्गच नाही. ओढ तर दोघांनाही सारखीच बसते. चुंबक लोखंडाला जितक्या जोराने ओढतो, तितक्याच जोराने लोखंडही चुंबकाला ओढतं.

आप्पा आपलं सुतळीचं कडं स्थिर लोंबकळू देतात. मग एक तुकडा थोडा लांबून दाखवतात. कडं त्याच्याकडे झुकतं. तोच तुकडा उलटा करून दाखवतात. कडं पुन्हा झुकतं. बाजूला ठेवतात. दुसरा दाखवतात. झुकतं. उलटा करतात आणि कडं अंग चोरून मागे सरतं, सुतळीला पीळ देत तोंड फिरवू लागतं.

"लोखंड कसंबी लाव, येस," आप्पा म्हणतात. "भांडस तो मॅग्नेट."

मी हे वाक्य वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतो. शाळेच्या पुस्तकात ते वेगळ्या शब्दांत आहे : प्रतिकर्षण हीच चुंबकत्वाची खरी कसोटी. अर्थ एकच. ओढीवरून काही सिद्ध होत नाही. दूर लोटलं, तरच समजायचं की समोरच्याकडेही स्वतःची दिशा आहे. आणि 'थोडं लांबून' हेही महत्त्वाचं. फार जवळ नेलं तर जोरदार चुंबक दुबळ्याची दिशाच पालटून टाकतो आणि भांडण व्हायच्या आधीच मिटतं.

लोखंड का भांडत नाही? साध्या खिळ्याच्या आत असंख्य छोटे मोहल्ले असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर वाइस यांनी १९०७ मध्ये ही कल्पना मांडली. प्रत्येक मोहल्ल्यातले अणू एका दिशेला तोंड करून असतात, पण मोहल्ल्या-मोहल्ल्यांची दिशा निराळी, म्हणून बाहेर बेरीज शून्य. चुंबक जवळ आला की त्याच्या बाजूने तोंड असलेले मोहल्ले वाढतात, शेजारचे आक्रसतात आणि बघता बघता अख्खा खिळाच चुंबक होतो. समोर उत्तर ध्रुव आला तर खिळ्याचं जवळचं टोक दक्षिण होतं. दक्षिण आला तर उत्तर. कसंबी लाव, येस.

मुलगा ते करून बघतो. कड्याला एक खिळा, खिळ्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. खालचे दोन कड्याला शिवलेलेही नाहीत, तरी लोंबतायत. आता तो वरचा खिळा धरून कड्यापासून अलगद सोडवतो. तिसरा लगेच पडतो, दुसरा क्षणभर रेंगाळून पडतो. मऊ लोखंड लगेच विसरतं. आप्पांचा पेचकस मात्र पोलादाचा. मी त्याच्यावरून चुंबकाचं एकच टोक एकाच दिशेने वीस-पंचवीस वेळा फिरवतो, परत येताना हात उचलून. पेचकसाच्या टोकाला स्क्रू लटकतात. कडक पोलादातले मोहल्ले सहज वळत नाहीत, पण एकदा वळले की सहज परतही फिरत नाहीत. खूप तापवलं किंवा ठोकठोक ठोकलं, तरच विस्कटतात.

दुकानाच्या एका कोपऱ्यात स्टीलची भांडी वेगळी रचलेली आहेत. मुलगा तिकडे वळतो. ताट चिकटत नाही. डबा चिकटत नाही. झाकण चिकटतं. दोन्ही स्टीलच, दोन्ही न गंजणारी. चिकटत नाही त्या जातीच्या चांगल्या स्टीलमध्ये बहुतेक भाग लोखंडाचाच असतो आणि वर सुमारे आठ टक्के निकेल. लोखंडही चुंबकाचं सोयरं, निकेलही सोयरं, आणि दोघांच्या मिश्रणाने केलेलं ताट मात्र परकं. कारण त्या ताटात अणूंची रचनाच निराळी बसते आणि तिच्यात अणू एकमेकांशी दिशा जुळवत नाहीत. हल्ली इंडक्शनची शेगडी घेतलेल्या घरांतून हीच परीक्षा होते. भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटला तर ते शेगडीवर चालेल.

मी खिशातला एक रुपया काढून देतो. चिकटतो.

"सर," तो एकदम थांबून विचारतो, "आपल्या रक्तात लोह असतं ना? शाळेत लोहाची निळी गोळी देतात."

"असतं."

तो कड्याचा तुकडा मनगटावरच्या निळ्या शिरेला लावतो आणि वाट बघतो. काही होत नाही.

या मुलुखात रक्तातल्या लोहाची चर्चा घरोघरी आहे. त्याच्या वर्गातल्या मुली लोहाची गोळी का घेतात, हे त्याला माहीत आहे. म्हणून मी त्याला नीट सांगतो. रक्तातलं लोह खिळ्यासारखं एकवटलेलं नाही. त्याचा एकेक अणू हिमोग्लोबिनच्या मोठ्या रेणूत वेगळा, लांब लांब बसवलेला आहे. त्याचं काम प्राणवायू धरायचं आणि सोडायचं. शेजारी कोणी नाही, मग मोहल्ला कसा होणार? नुसतं लोह असून चुंबक ओढत नाही. पुष्कळ अणू शेजारी असावे लागतात आणि त्यांनी एका दिशेला वळायला राजी असावं लागतं. तो मनगटाकडे बघत मान डोलावतो.

मग आप्पा गल्ल्याशेजारच्या डबीतून मोबाइलच्या कव्हरमधल्या चार गोल टिकल्या काढतात. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा हा चुंबक १९८० च्या दशकात जपानमध्ये आणि अमेरिकेत शोधला गेला. नखाएवढी टिकली, पण मुलाच्या बोटाच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी लावली तर बोट आडवं असूनही पडत नाही. मी ती त्याच्या हाती देण्याआधी एक गोष्ट बजावतो : या टिकल्या कधी तोंडात धरायच्या नाहीत आणि लहान भावंडांच्या हाती लागू द्यायच्या नाहीत. दोन पोटात गेल्या तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मधे चिमटून एकमेकींना धरतात आणि आतड्याला भोक पडतं. अशा वेळी तडक दवाखाना गाठावा लागतो. आप्पा हे ऐकून डबीचं झाकण घट्ट लावतात आणि डबी वरच्या फळीवर ठेवतात.

चारही टिकल्यांची चळत करून मी पडद्याचा जर्मनचा पोकळ दांडा उभा धरतो. आधी एक नट सोडतो. टण्ण! लगेच खाली. आता टिकल्या सोडतो. मुलगा खाली हात धरून वाट बघतोय. नट आला तशा त्या येत नाहीत. तो वाकून आत बघतो. टिकल्या दांड्याच्या मधोमध, कुठेही न टेकता, सावकाश उतरतायत, पाण्यात पडलेल्या पानासारख्या. मग हातात पडतात.

"दांड्याला चिटकस नही," तो दांडा आणि टिकली पुन्हा तपासतो, "मग अडवलं कोणी?"

टिकल्यांच्या चालण्यानेच अडवलं. चुंबक हलला की शेजारच्या धातूत वीज फिरते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं ते हेच. आणि ती वीज स्वतःचं क्षेत्र असं उभं करते की ज्या हालचालीने ती जन्मली तिलाच विरोध व्हावा. हा लेन्झ यांचा १८३४ चा नियम. खालून लोटणं, वरून ओढणं. टिकली थांबली तर विरोधही थांबतो. म्हणून ती अडकून बसत नाही, नुसती मंद होते. जुन्या वीजमीटरमध्ये काचेआड फिरणारी ती चकती जर्मनचीच असे आणि तिच्या कडेला एक चुंबक बसवलेला असे, तो याच युक्तीने चकतीला लगाम घालायचा. आज सकाळपासून तांबं आणि जर्मन 'चिकटत नाही' म्हणून वेगळ्या डब्यांत जातंय. पण चुंबक चालू लागला की तेही भांडतं.

दुपार उतरते. आप्पा मला दोन कडी, चार टिकल्या आणि फ्रिजच्या दाराची रबरी पट्टी देतात. फुटलेल्या कड्याचे दोन तुकडे मुलाने आधीच मागून घेतले आहेत. साडेचारच्या सुमाराला आम्ही दोघं गोमाईकाठी येतो.

सातपुड्यातून उतरलेली गोमाई शहाद्यावरून पुढे जाऊन प्रकाशाला तापीला मिळते. जानेवारीत पात्र बरंच उघडं आहे. मधे पाण्याच्या दोन-तीन धारा, कडेला डबकी, आणि वाळू. वाळूत जागोजागी काळ्या रेघा दिसतात. पाण्याने हलकी वाळू पुढे नेली आणि जड कण मागे ठेवले, त्यांच्या या रेघा.

मुलगा तुकडा थेट काळ्या रेघेत खुपसतो आणि वर काढतो. तुकड्यावर काळे काटे उभे राहिलेत, साळिंदरासारखे. तो ते झटकतो, पुसतो, पाण्यात धुतो. काटे जात नाहीत. दुसऱ्या तुकड्याला मी आधी प्लास्टिकची पिशवी गुंडाळतो, मग वाळूत फिरवतो आणि कागदावर धरून पिशवीतून तुकडा वर काढून घेतो. काळी भुकटी कागदावर झरझर उतरते. त्याने लगेच युक्ती उचलली आहे. दहा मिनिटांत कागदावर मूठभर काळी वाळू जमते.

कागदाखाली चुंबक धरला की भुकटी उभी राहते. प्रत्येक काटा शेजारच्या काट्यापासून फटकून. का फटकून? कारण चुंबकाच्या सान्निध्यात प्रत्येक काटा स्वतः चुंबक झालाय, सगळ्यांचा वरचा शेंडा एकाच ध्रुवाचा. खालून चुंबक सगळ्यांना ओढतोय आणि शेजारी शेजारी एकमेकांना लोटतायत. सकाळचे दोन्ही नियम या कागदावर एकाच वेळी उभे आहेत. तो चुंबक खाली फिरवतो आणि काळं रान वाऱ्यात डोलावं तसं डोलतं.

ही भुकटी मुख्यतः मॅग्नेटाइटची, लोखंडाच्या ऑक्साइडची. ती कोणत्या कारखान्यातून आली नाही. समोरच्या सातपुड्यातून आली. आपला काळा दगड, बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. त्यात हे कण विखुरलेले असतात. दगड झिजतो, माती होते, वाहून जाते, हे कण उरतात.

मी दप्तरातली शिवणाची सुई मागतो. ती त्याने आईकडून आठवणीने आणली आहे. चुंबकावर एका दिशेने घासतो आणि काठावरच्या झुडपाच्या पानावर आडवी ठेवून ते पान एका निवांत डबक्यात सोडतो. कड्याचे दोन्ही तुकडे, माझा मोबाइल, किल्ल्या, त्याची सायकल सगळं वीस पावलांवर ठेवायला लावतो. सुई फार लाजरी असते. जवळ लोखंड असलं की खरं बोलत नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेवर ट्राम धावणार हे ठरलं, तेव्हा त्या विजेने नोंदी बिघडू नयेत म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला नेलं, आणि तिथली इमारत चुंबकाला ओळख न देणाऱ्या सामानाने बांधली. आम्ही वीस पावलं चाललो ती त्याच कारणाने.

पान डुलतं, फिरतं, मागे येतं, थांबतं. सुईचं टोक सातपुड्याकडे. आपल्या भागात चुंबकाची उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम फरक आहे, त्यामुळे रात्री याच रेषेवर डोंगराच्या माथ्यावर ध्रुव तारा दिसेल. सुईचा उत्तर ध्रुव तिकडे ओढला जातोय. म्हणजे, सजातीय-विजातीयाचा नियम लावला तर, पृथ्वीच्या पोटातल्या चुंबकाचा दक्षिण ध्रुव त्या बाजूला आहे. मुलगा क्षणभर बोटांवर हिशेब करतो आणि हसतो. पटलं.

आता मी त्याला शेवटची गोष्ट सांगतो. लाव्हा निवत निवत सुमारे ५८० अंशांच्या खाली आला, की त्यातल्या मॅग्नेटाइटमध्ये त्या काळच्या पृथ्वीची दिशा पक्की होते, पेचकसात झाली तशी. १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडांचे नमुने घेऊन ती दिशा मोजली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे त्यांत होते. दगडांतली दिशा आजच्या दिशेशी जुळेना. तिच्या कलावरून दिसलं की लाव्हा वाहिला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला होती. त्याहून नवल म्हणजे, कितीतरी थरांतली दिशा चक्क उलटी निघाली, कारण त्या काळी पृथ्वीचेच ध्रुव उलटे होते.

मी हे सांगतोय आणि माझ्या मनात आप्पांची सुतळी हलते आहे. दगडातलं लोखंड नुसतं आजच्या पृथ्वीच्या ओढीने वळलं असतं, तर ते आजच्याच दिशेला असतं. कसंबी लाव, येस. ते उलटं आहे, म्हणजे त्याने स्वतःचं काही धरून ठेवलंय.

मुलगा उठतो आणि पात्रातून दगड गोळा करू लागतो. काळे, जड, मुठीएवढे. एकेक आणून सुईच्या टोकाशी पाण्याबाहेर धरतो. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्या-चौथ्यालाही पान हलत नाही. ऊन सातपुड्याच्या अंगावर तिरकं झालंय. पलीकडच्या काठावरून कोणी गुरं घेऊन जातंय. तो पाचवा दगड आणतो, अगदी जवळ धरतो, श्वास रोखून.

सुईचं टोक ज्वारीच्या दाण्याएवढं दगडाकडे सरकतं.

तो माझ्याकडे बघतो. मी काही बोलत नाही. सकाळी शिकला ते त्याला आठवतं. तो दगड हळूच मागे घेतो, पान पुन्हा स्थिर होऊ देतो, दगड हातात उलटा करतो आणि त्याच जागी पुन्हा धरतो.

टोक दगडापासून दूर सरतं. तेवढंच, दाण्याएवढं.

"भांडना!" तो ओरडतो. "सर, हाऊ दगड भांडना!"

आणि तो दगड छातीशी धरून, भिजल्या पायांनी, आप्पांना दाखवायला धावत सुटतो.